थैलीतलं

आमच्या नागपूरकडे बाईचं गर्भाशय काढायचं ऑपरेशन झालं की "थैली काढली" म्हणतात. भाजी आणायला नेतात तीही थैली आणि हीही थैली. एकोणीसशे ऐंशीनंतर कधीतरी माझी थैली काढली तेव्हा मी चौतिशीत होते. दोन लेकरं झालेली होती. महिन्यातले निम्मे दिवस रक्त जात होतं, शाळेत फळ्यासमोर उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. त्यामुळे काढायची ठरली तेव्हा मला अजिबात वाईट वाटलं नाही. सुटले एकदाची, असंच वाटलं.

धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन झालं. शरीरातून जे काढलं ते नातेवाइकांना दाखवायची तिथे पद्धत होती. डॉक्टर स्टीलचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा माझ्या नवऱ्याने नुसती नजर टाकली आणि ते भिंत धरून खालीच बसले. कन्हानहून माझ्यासाठी आलेली माझी आई मात्र पदर सावरून ट्रेवर वाकली आणि नीट बघून आली. पुढे कोणी भेटायला आलं की ती सांगायची, "थैली काढली. मी आपल्या डोळ्यानं पाह्यली." सगळ्यांच्या माना हलायच्या, मग चहा व्हायचा.

त्या ट्रेचं पुढे काय झालं, हे मी कुणाला विचारलं नाही. विचार मात्र मनात येऊन जायचा. माणूस गेलं तर त्याला माती मिळते नाहीतर आग मिळते. माझ्यातलं जे गेलं त्याला काय मिळालं?

टाके सुकले, मी शाळेत रुजू झाले, आणि मग ते सुरू झालं. आधी भीती यायची. कशाची, ते सांगता येणार नाही. छाती एकदम धडधडायची आणि खात्री वाटायची की मागे कोणीतरी येऊन उभं आहे. मी वळून बघायची. मग पोटातून वर, मानेवरून कानापर्यंत आग चढत जायची, पोलक्याची पाठ भिजून जायची, आणि लगेच थंडी वाजायची. डिसेंबरातल्या थंडीत सगळं घर रजईत आणि मी अंगणात पदराने वारा घेत उभी. वर्गात शिकवताना मी इतक्यांदा दाराकडे वळून बघायला लागले की मुलीसुद्धा बघायला लागल्या. एकदा पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, कोण आहे?"

"कोणी नाही. व्याकरणाचं पुस्तक काढा," मी म्हटलं. पण माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला नाही.

शेजारणीने माझ्याकडे दोन दिवस निरखून पाहिलं आणि आई मला भेटायला आली तशी तिच्या कानाला लागली की पोरीवर बाहेरचं काहीतरी आलंय, दवाखान्यातनंच मागे लागलं असेल. आईने तिला दारातूनच वाटेला लावलं. छप्पन सालच्या धम्मदीक्षेला आई स्वतः उभी होती. त्या दिवशी तिने देव सोडले आणि देवांबरोबर भुतंही सोडली. "आमच्या घरी हे चालत नाही," तिने ठणकावलं. मला तिचा अभिमान वाटला. आणि खरं सांगायचं तर थोडी निराशाही झाली. भूत असतं तर निदान त्याला नाव तरी ठेवता आलं असतं.

नवरा म्हणाला, अशक्तपणा आहे. शाळेतल्या बाई म्हणाल्या, मनाचे खेळ आहेत, ऑपरेशननंतर बायकांना रिकामं रिकामं वाटतंच. मला रिकामं वाटत नव्हतं. उलट आपल्यात कोणीतरी शिरलंय असं वाटत होतं. हे ऐकून घेणारं कोणी नव्हतं, आणि माझा स्वभाव असा की ऐकून घेतलं नाही की मी भांडत सुटते. त्या हिवाळ्यात मी दूधवाल्यापासून हेडबाईंपर्यंत सगळ्यांशी भांडून घेतलं.

शेवटी सीताबर्डीवरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. तरुण होत्या, मुंबईत शिकून नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अंडाशय ठेवलेत की काढलेत?"

"थैली काढली," मी म्हटलं.

"ते कळलं. अंडाशय?"

मी बी.ए. झालेली, दुसऱ्यांच्या मुलींना शिकवणारी बाई. मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवर चित्र काढून दाखवलं. मधे थैली, तिला दोन बाजूंना दोन हात, आणि हातांच्या टोकाशी एकेक बदाम. "हे बदाम वेगळे. थैली गेली तरी हे राहू शकतात, आणि हे चालू असतील तर तुम्हाला या वयात हा त्रास व्हायला नको." ज्यांनी ऑपरेशन केलं ते डॉक्टर दवाखाना बंद करून परदेशी मुलाकडे राहायला गेले होते. कागदपत्रं त्यांच्याकडेच राहिली होती. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तालाच विचारू. तेव्हा ही तपासणी नागपुरात होत नव्हती. रक्त मुंबईला गेलं आणि रिपोर्ट यायला महिना लागला.

त्या महिन्यात मला एकच गोष्ट हवी होती. ते दोन बदाम माझ्या पोटात आहेत की नाहीत, एवढंच कळायला हवं होतं. स्वतःच्या शरीरात काय आहे ते माहीत नसलेली बाई रस्त्याने चालते, पोळ्या लाटते, मुलींच्या वह्या तपासते, याची मला आतून लाज वाटायची.

रिपोर्ट आला तो माझ्या नवऱ्याच्या हाती. ते हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. कागदावर दोन हार्मोन्सची नावं होती, प्रत्येकापुढे माझा आकडा आणि शेजारी नेहमीचा आकडा. वरच्या ओळीतला माझा आकडा नेहमीपेक्षा कितीतरी पट मोठा होता. खालच्या ओळीत जवळजवळ काहीच नव्हतं.

"अवं, पाय हे!" ते दारातूनच ओरडले. "जेवढं लागते त्याच्याहून कितीतरी जास्त हाय तुह्याजवळ. साठा फुल्ल हाय."

"आणि खालचं?"

"खालचं थोडं कमी दिसते. पण वरचं इतकं हाय की भरून काढते."

हसू नका. तोवर माझ्या प्रत्येक रिपोर्टात काहीतरी कमीच असायचं. रक्त कमी, लोह कमी, वजन कमी. जन्मात पहिल्यांदा माझ्याजवळ काहीतरी जास्त निघालं होतं. मलाही आनंद झाला. माझ्यात ते दोन्ही बदाम आहेत आणि नुसते नाहीत तर जोरात कामाला लागलेत, असं मी धरून चालले. यांनी संत्रा बर्फी आणली, आम्ही शेजारीसुद्धा वाटली. शेजारणीने कशाची म्हणून विचारलं, तर मी बेधडक म्हटलं, रिपोर्ट चांगला आला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, माझा चेहरा बघितला आणि खुर्ची पुढे ओढली. "हा वरचा आकडा त्या बदामांचा नाही," त्या म्हणाल्या. "डोक्यात एक लहानशी ग्रंथी असते, तिचा आहे. ती त्यांना कामाला लावते. त्यांनी काम केलं की ती गप्प बसते. नाही केलं तर पुन्हा सांगते, आणखी मोठ्याने. खालचा आकडा त्यांच्या कामाचा."

"म्हणजे वरचा मोठा आहे तो..."

"म्हणजे ती सारख्या हाका मारतेय, आणि ओ द्यायला कोणी नाही. ते काढलेत की आत असूनच बंद पडलेत, हे मात्र या कागदावरून सांगता येणार नाही."

आमच्या कन्हानला मे महिन्यात भर दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसायचं. अशा वेळी बाहेरून कोणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, असं लहानपणापासून बजावलेलं असायचं. जिवंत माणूस असेल तर तो पुन्हा हाक मारतो, दुसरं काही असेल तर मारत नाही. आईने देव सोडले, भुतं सोडली, पण पहिल्या हाकेला गप्प राहण्याची सवय तिला सोडता आली नाही. आणि ती माझ्यातही उतरली. त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला ते आठवलं. मागे कोणीतरी येऊन उभं राहतं असं मला वाटायचं, ते खोटं नव्हतं. हाक खरीच येत होती, शंभरदा येत होती, फक्त ती मला नव्हती. ज्यांना होती त्यांचा पत्ता मला माहीत नव्हता. मी पर्स उचलली आणि बर्डीहून चालतच घरी आले.

घरी आल्यावर मी नवऱ्याला धारेवर धरलं, काय काय काढायचं ते तुम्हाला विचारलं होतं की नाही? ते कळवळून म्हणाले, "मले कोणी काई विचारलंच नाही. मी इंजेक्शनं आणाले गेलो होतो." मग ऑपरेशन चालू असताना बाहेर बसलेलं एकच माणूस उरलं, आई. रविवारी सकाळी मी कन्हानची बस धरली. वाटेत मनातल्या मनात मी त्या परदेशी गेलेल्या डॉक्टरांना शिव्या घालत होते.

आई ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मीही समोर बसले आणि शेंगा हातात घेतल्या.

"माय, माहं ऑपरेशन चालू होतं तवा डॉक्टर मधात बाहेर आला होता का वं?"

"आला होता नं."

"काय म्हणे?"

"म्हणे, बाजूचे दोन अंडाशय हायेत, त्याच्यावर बारक्या बारक्या गाठी दिसून राहिल्या. साध्याच वाटते म्हणे. ठेवू का काढू? ठेवलं तं पुढं एखादवेळी पुन्हा पोट उघडा लागन."

"मंग तू काय म्हटलं?"

इतकी साधी गोष्ट हिला कशी कळत नाही, अशा नजरेने तिने माझ्याकडे बघितलं. "मी म्हटलं, थैलीच काढून राहिले तं थैलीतलं कायले ठेवता? तिथं एकटं पडून सडन. सारं काढून टाका, पण माह्या पोरीले पुन्हा कापू नका."

अंडी थैलीत असतात, असं तिने धरलं होतं. मी तरी चिठ्ठीवरचं चित्र बघेपर्यंत काय वेगळं समजत होते? पण तेव्हा हे मला सुचलं नाही. मी भडकले. ते थैलीत नव्हतं, बाजूला होतं, वेगळं होतं, म्हातारपणापर्यंत मला पुरणार होतं, असं सगळं मी तिच्यावर ओरडून सांगितलं. रात्री मी कशी उठते, मुली कशा दाराकडे बघतात, हाक कशी येते, तेही सांगितलं. सांगताना मी रडायला लागले.

आईचे हात शेंगांत थांबले. मग तिने हात लुगड्याला पुसले आणि एक हात स्वतःच्या ओटीपोटावर ठेवला.

"माहं सारं जागच्या जागी हाय," ती म्हणाली. "कोणी हात नाही लावला. मले आता काय कराचं हाय त्याचं? डॉक्टरनीले म्हण, माहे दोन्ही काढ अन् हिले बसव."

तिला साठ वर्षं झाली होती. तिचं रक्त मुंबईला पाठवलं असतं तर वरच्या ओळीत माझ्यासारखाच मोठा आकडा आला असता आणि खालच्या ओळीत काहीच नाही. तिच्या आतही कित्येक वर्षं तीच हाक चालू होती. तिला ती पाळी जायच्या वयात, वेळेवर आली होती, म्हणून तिला ती कधी ऐकू आली नव्हती. हे तिला सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

"इचारते तिले," मी म्हटलं.

"इचारतं काय? संगच चलतो," आई म्हणाली, आणि खरोखरच उठली. आतून पेटीची कडी वाजली. ती बाहेरगावी जायचं लुगडं काढत होती.