जावयासाठी तीन थरांचा केक

आमच्या गल्लीतल्या माणसांना हळू बोलणं जमत नाही. आमच्या घराची एका बाजूची भिंत आणि लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याची भिंत एकच होती. पलीकडे रात्रंदिवस खटखट चालायची, मांडणीवरच्या वाट्या थरथरायच्या. आईकडे मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागायचं. त्यात देवानं मला आवाज ठणठणीत दिलेला. नवखा पाहुणा आला की घाबरून विचारायचा, "काय भांडण झालं का?" फक्त शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी असायची. त्या दिवशी आई उठल्या उठल्या बजावायची, "आज तोंडं आवरा, चार घरांत ऐकू जातं." शुक्रवार सोडून दुसऱ्या कुठल्या दिवशी लूम बंद असतील, हे आमच्या डोक्यातच नसायचं.

त्या वर्षी मी आठवीची परीक्षा दिली होती. ताईच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. तिचं सासर जवळच्याच पूर्णा गावाच्या पुढे एका खेड्यात, घरची भातशेती. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती पंधरा दिवस माहेरपणाला आली होती आणि एक मेला संध्याकाळी भावजी तिला न्यायला येणार होते.

आल्यापासून ताई माझ्याजवळ झोपायची. एका दुपारी केस धुतल्यावर तिनं पाठ पुसायला मला हाक मारली. पाठीवर पट्ट्याचे वळ होते. काही जुने, काळे पडलेले, काही अजून सोललेले. मी किंचाळणार तेवढ्यात तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "मी परत जाणार नाहीये. आता बाबांनाच सांगते. एक तारखेला ते शाळेतून आले की त्यांच्याशी बोलते, तुझे भावजी यायच्या आत. तोवर तू गप्प राहायचंस." बाबा प्राथमिक शिक्षक होते, मऊ स्वभावाचे. ताई रडली की तेच आधी रडायचे. एकदा त्यांच्या कानावर गेलं की ते तिला पाठवणार नाहीत, याची तिला खात्री होती आणि मलाही. एप्रिलभर त्यांच्या मागे पेपर तपासणं आणि निकालपत्रकं होती. त्यातून ते मोकळे झाले की सांगायचं असं तिनं ठरवलं होतं.

इकडे आईनं जावयासाठी केक करायचं मनावर घेतलं. केक ती समोरच्या खालांकडून शिकली होती. खाला कोकणी मुसलमान. त्यांच्याकडे ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन होता, झाकणाला काच असलेला, आणि सुट्टीत तो अख्ख्या गल्लीत फिरायचा. आमच्याकडे मुलांसाठी साधा, बिनसजावटीचा केक व्हायचा. या खेपेला मात्र आईला तीन थर हवे होते. एका फटीत आमरस, दुसरीत जॅम, वरून पांढरं आयसिंग, गुलाबी फुलं, चंदेरी गोळ्या. "जावयाला आपल्या हातचं काही चांगलं खाऊ दे," ती म्हणत होती. पुरणपोळी सोडून हिला केक का सुचावा, असं मला वाटलं. पण केक खायला मिळणार म्हटल्यावर मी कशाला विचारते!

आमच्याकडे फ्रिज नव्हता. मे महिन्यात लोण्याचं आयसिंग आदल्या दिवशी करून ठेवलं तर सकाळी त्याचं तूप झालेलं दिसलं असतं. म्हणून सगळं त्याच सकाळी करायचं ठरलं. बाबा झेंडावंदनाला आणि निकाल वाटायला शाळेत गेले. दुपारी बारापर्यंत येणार होते. आईनं मैदा तीनदा चाळला, अंडी फेसली, डालडा आणि साखर हातानं घोटून पांढरी केली. आठच्या सुमाराला भांडं ओव्हनमध्ये गेलं. तिचं माप ठरलेलं होतं. दीड तास लावायचा, मधे झाकण उघडायचं नाही.

त्याच वेळी पलीकडची खटखट थांबली. पाळी बदलत असेल असं आम्ही धरून चाललो. डोक्यावरचा पंखा एकदम भरारा फिरायला लागला, आणि आम्ही तिघी त्याच्याखाली वारा खात आंबे पिळत बसलो. पाऊण तासानं धुराचा वास आला. आईनं झाकण उघडलं तर वरची बाजू काळीकुट्ट.

समोरून खाला पदर सावरत आल्या. "अरे भाभी, आज एक मे है! लूम सब बंद हैं, करंट पूरा आ रहा है. घड़ी देखके थोड़ी ना चलता है आज!"

एरवी शेकडो लूम चालू असताना व्होल्टेज इतकं पडायचं की संध्याकाळी बल्ब नुसता लाल दिसायचा. त्या मरतुकड्या विजेवर दीड तास, हे आईचं माप. कामगार दिनाला आमच्या बाजूचे कारखाने बंद राहतील हे तिच्या लक्षातच आलं नाही. लूमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या बाईलाच अशी चूक जमू शकते.

दुसरीनं तो केक टाकून दिला असता. आईनं किसणी घेतली आणि वरचा करपलेला भाग खसाखसा किसून काढला, बुडाचाही काढला. मग कारखान्यातून आणलेला सुताचा दोरा दोन्ही हातांत ताणून धरला आणि केकचे तीन पातळ थर कापले. एकाला मधे भोक पडलं, तिथं तिनं चुरा दाबून बसवला. आमरस, जॅम, वर आयसिंगचा जाड थर. "लागलं तर थोडं करपट लागेल," ती म्हणाली, "दिसणार तर नाही." तिचे हात इतके भराभर चालले होते की मला ते नवलच वाटलं. एरवी केक बिघडला तर ती कपाळाला हात लावून बसायची.

सजावट ताईकडे दिली. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, कोपरा कापून, तिच्यात गुलाबी आयसिंग भरलं होतं. ताई कडेनं फुलं काढत होती, मी मधोमध 'सुस्वागतम' लिहीत होते. 'सु' जरा मोठा झाला आणि 'म' ला जागा उरली नाही. ताई हसली. पंधरा दिवसांत मी तिला पहिल्यांदा हसताना बघत होते. आई मागच्या दारात पाठमोरी बसून घमेल्यात बर्फ फोडत होती, केक त्यावर ठेवायचा म्हणून. तिनं कारखान्यात सुताच्या कांड्या भरायच्या मशीनवर सहा वर्षं काम केलेलं, कानानं ती जरा कमीच होती.

घड्याळात साडेदहा झाले होते. दीड तासात बाबा येणार आणि मग सगळं ठीक होणार, या आनंदात मी माझ्या नेहमीच्या आवाजात बोलले, "ताई, भावजी पट्ट्यानं मारतात ते बाबांना सांगशील तेव्हा मला बाहेर हाकलायचं नाही हं! आणि तू परत जाणार नाहीस हे मी सांगणार!"

बोलले आणि मलाच माझा आवाज ऐकू आला. सगळ्या घरात तेवढाच होता. मागे बर्फ फोडणं थांबलं. बर्फ संपला असेल असं मला वाटलं.

बाहेरच्या खोलीचा पडदा सरकला आणि भावजी आत आले. मोटरसायकल गल्लीच्या तोंडाशी लावून चालत आले होते. दार उघडंच होतं. बाहेर बाकड्यावर येऊन बसले होते.

"कवाचा आलोय, कोनाचं ध्यान न्हाय," ते हसत म्हणाले. त्यांनी केककडे बघितलं, एक बोट फुलावर फिरवलं आणि चाटलं. "गोड हाय."

आई पदर डोक्यावर घेत उठली. "अगंबाई, जावईबापू! संध्याकाळी येणार होतात ना?"

"आईला बरं न्हाय. आताच निघायला लागंल."

ताई उभी राहिली. तिच्या हातातून पिशवी सुटली नव्हती, मुठीत दाबली जाऊन आयसिंग तिच्या मनगटावर ओघळत होतं. "बाबा येऊ देत. त्यांना भेटून निघू."

"बाबांना काय सांगायचं हाय?" भावजींनी विचारलं. अगदी मऊ आवाजात.

ताईनं आईकडे बघितलं. मीही बघितलं. आईनं सुरी घेतली, केकचा मोठा तुकडा कापला, बशीत घालून जावयापुढे धरला. "खा ना. जरा घाईत झालाय. राग मानू नका, गोड मानून घ्या." मग राहिलेल्यातला अर्धा स्टीलच्या डब्यात भरला, झाकण दाबून बसवलं आणि ताईच्या हातात दिला. "जा गं. सासूबाईंना बरं नाही म्हणतात ना. बाबांना मी सांगते."

सामान भरायला ताईनं लावता येईल तेवढा वेळ लावला, तरी पावणेबाराला ते दोघं निघून गेले. बाबा पंधरा मिनिटांनी आले. "गेली? मला न भेटता?" एवढंच म्हणाले आणि टोपी हातात धरून बसून राहिले. आईनं त्यांनाही केक दिला. मी तोंड उघडायला हवं होतं. एरवी गल्ली दणाणून सोडणारी मी, माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. माझ्या आवाजानं ताईचा घात केला, आता आणखी बोलले तर तिथं तिचं काय होईल, या भीतीनं मी गारठले होते. त्या दिवशी राहिलं ते कायमचं राहिलं.

पुढची चार वर्षं ताईला माहेरपणाला पाठवलं नाही. बाबा भेटायला जायचे, तेव्हा सासू समोर बसलेली असायची. मग मुलगा झाला, मुलगी झाली. एका दिवाळीला आली तेव्हा तिच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी होती. दारात सापडली म्हणाली. बाबांनी ती बोटं हातात घेतली, फुंकर घातली, आणि कुठल्या डॉक्टरला दाखवलं ते विचारलं. त्यांना खरंच काही कळलं नव्हतं की कळून घ्यायचं नव्हतं, मला सांगता येणार नाही. नव्वदच्या दशकातच ते गेले.

त्यांच्या तेराव्यानंतर ताई दोन दिवस राहिली. भांडी घासता घासता मी तिच्यापुढे सगळं ओकले. दहा वर्षं मनात साठलेलं. माझ्यामुळे बाबांना सांगायचं राहिलं, माझी जीभ झडायला हवी होती, असलं बरंच काही. ती ऐकून घेत होती. मग तिनं पातेलं विसळून पालथं घातलं.

"तुझ्यामुळे काही नाही गं. तू बोलली नसतीस तरी ह्यांनी मला नेलंच असतं. आई मला ठेवून घेणार नाही, हे मला डबा हातात आला तेव्हाच कळलं. तिला मी आल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. पाठ दाखवली होती. ती म्हणाली, बाबांच्या कानावर घालू नकोस, त्यांना झेपायचं नाही. एक तारखेला जावई येतील तेव्हा काहीतरी गोडधोड करते, चांगलं बोलते, निवळतील. केक त्यासाठी होता."

मी हात न पुसता तशीच आत गेले. आई बाबांचे सदरे घडी करत होती. मी म्हटलं, "तुला माहीत होतं. आणि तू केक करत बसलीस?" मला तिचा भयंकर राग आला होता. अजूनही येतो.

आईनं मान वर केली नाही. तिला मी म्हटलेलं नीट ऐकू आलं होतं. "तिला घरी ठेवून घेतली असती," ती म्हणाली, "तर तुला कोणी केली असती?"

माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. नवरा चांगला आहे. हात उगारणं सोडाच, तो मला कधी वाकडा शब्दही बोललेला नाही.