फौजदाराची सोयरीक

माणसांच्या सोयरिकी जुळवणारे आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतात. पण कुत्र्यांच्या सोयरिकी जुळवण्यात ज्याची अर्धी हयात गेली आणि त्यापायी ज्याला तहसीलदारापेक्षा जास्त मान मिळाला, असा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. मी त्यांचा हेवा करतो असं म्हणणं ही सौम्य भाषा झाली. मी जळतो. गेली अठ्ठावीस वर्षं नेमाने जळतो आहे, सणावाराला जरा जास्त. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा ते पोलिसांच्या श्वानपथकात हस्तक होते, म्हणजे कुत्र्याचा पट्टा धरून चोरामागे धावणारे शिपाई. मी वडवणीला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, सासरचा थोरला जावई. ‘कुत्रेवाला जावई’ हे नाव त्यांना मीच ठेवलं होतं आणि त्यावर लिंबागणेशच्या सासरवाडीत सगळ्यात मोठ्यांदा मीच हसलो होतो. माझं ते हसू फार दिवस टिकलं नाही.

कारण पुढे असं झालं की पोलिसांची आणि लष्कराची कुत्री जिथे पैदा करतात, त्या केंद्रांतून साडूंना फोन येऊ लागले. माद्या केंद्रात असतात. अडतं ते नरापाशी. ज्याची पिल्लं उद्या बॉम्ब हुंगतील, ढिगाऱ्याखालचा माणूस हुडकतील, असा नर काही बाजारात टोपलीत मिळत नाही. तो कुणाच्या तरी बंगल्यात नाहीतर मळ्यावर बांधलेला असतो, आणि तो नेमका कुठे बांधलाय हे साडूंना कळतं. कसं कळतं ते देवालाच ठाऊक. एका दिवाळीला मी सासऱ्यांना, म्हणजे मामांना, माझी केंद्रप्रमुख म्हणून बढती झाल्याचं सांगत होतो. ‘केंद्र’ एवढं तोंडातून निघालं आणि साडूंचा फोन वाजला. पलीकडे कुणी कर्नल होते. मामांनी टीव्ही बंद करायला लावला, पोरांना बाहेर पिटाळलं, आणि साडू ‘न्हाई साहेब, त्या नराच्या पिल्लांत दम न्हाई’ म्हणत असताना सगळं घर श्वास रोखून बसलं. फोन संपल्यावर मामांनी मला विचारलं, “तुमी काय तरी म्हनत व्हता?” मी म्हणालो, “काही नाही, करंजी चांगली झालीय.”

नर पाहायला जायची त्यांची रीत मुलगी पाहायला जाण्यापेक्षा कडक. पहिला प्रश्न, “याचं आजोळ कुठलं?” आजोळ सांगता आलं नाही की पुढचं बोलणंच नाही. आजोळ सांगितलं, तर तिथे जाऊन आई पाहणार. बापापेक्षा त्यांना आई महत्त्वाची, कारण खाण तशी माती. एकदा धारूरच्या घाटावर एका नराची म्हातारी आई पाहायला ते भर उन्हात चार कोस चालत गेले आणि तिच्यासमोर तासभर मातीत बसून राहिले. का, तर “उभ्या माणसाला कुत्रं खरं सांगत न्हाई.” बड्या लोकांचा त्यांना काडीचा मुलाहिजा नाही. एका कंत्राटदाराने आपला दांडगा नर फरशीच्या दिवाणखान्यात मोठ्या दिमाखात आणवला. गुळगुळीत फरशीवर त्याने पाय आखडले, हे साडूंनी पाहिलं आणि ते उठलेच. कंत्राटदार म्हणाला, “कावून? काय कमी हाय त्याच्यात?” साडू म्हणाले, “कमी काईच न्हाई, पर ह्यो कुत्रा न्हाई, सोफा हाय.” असं तोंडावर बोलून पुन्हा त्याच माणसाच्या लग्नकार्यात मानाच्या पंगतीला बसायचं, हे त्यांनाच जमतं. मी एका पालकाला ‘मुलगा गणितात कच्चा आहे’ एवढं म्हणालो होतो, तर तो अजून माझ्याशी बोलत नाही.

आणि परात. एक जुनी पितळी परात ते जीपमध्ये घेऊन हिंडतात. नर आपल्या नादात असला की त्याच्या पाठीमागे ती दाणकन पाडायची. दचकलेलं त्यांना चालतं. “दचकत न्हाई तो बहिरा तरी हाय न्हाईतर बावळा. दचकल्यावर सावरतो कवा, ते बघायचं.” इथवर ठीक होतं. पण आमच्या मेहुण्याच्या मुलीला पाहायला पुण्याचा इंजिनियर मुलगा आला, तेव्हा हे गृहस्थ चहाच्या वेळी त्याच्यामागे उभे राहिले आणि त्यांनी परात सोडली. मुलाचा चहा त्याच्या मांडीवर, मुलाची आई किंचाळली, मामा ‘अरे देवा’ म्हणाले. मला मात्र, खरं सांगतो, उकळ्या फुटत होत्या. आता हा माणूस संपला, अशी माझी खात्री झाली होती. पण तो मुलगा एका क्षणात हसला, वाकून त्याने परात उचलून साडूंच्या हातात दिली आणि म्हणाला, “काका, लागली नाही ना?” साडूंनी मामांकडे पाहून मान हलवली. लग्न झालं. दोघं सुखात आहेत. त्या मुलीसाठी मी आधी आणलेली तीन स्थळं आता कुणाला आठवतही नाहीत.

शेवटी मी ठरवलं की या माणसाला एक दिवस माझ्या दारात येऊन माझ्याकडे मागायला लावायचं. निव्वळ जळफळाटापायी मी संभाजीनगरच्या एका डॉक्टरांकडून जर्मन शेफर्डचं दोन महिन्यांचं पिल्लू आणलं आणि कोणाच्या मनात शंका राहू नये म्हणून त्याचं नाव फौजदार ठेवलं. त्याला मी चौथीच्या शिष्यवृत्तीला मुलं बसवावीत तसं बसवलं. मार्बलच्या दुकानात नेऊन चालवलं, लोखंडी जिन्यावर चढवलं, परभणीला जनावरांच्या दवाखान्यात नेऊन कमरेच्या हाडांचे फोटो काढून आणले. महिनाभर रोज सकाळी घरात परात पाडली. शेजारणीने एकदा बायकोला बाजूला घेऊन, “गुरुजी हात उगारतात का गं?” असं विचारलंसुद्धा. बायको मला म्हणाली, “अहो, त्यांच्या नादानं तुमीच त्यांच्यासारखे व्हायलात.” हे मला लागलं, पण फौजदार तोवर माझ्या पायाशी झोपायला लागला होता, मी शाळेतून यायच्या वेळी कोपऱ्यावर उभा राहायला लागला होता, त्यामुळे मी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

फौजदार दोन वर्षांचा झाल्यावर मी साडूंना निरोप धाडला. त्यांनी शिरस्त्याप्रमाणे आधी संभाजीनगरला जाऊन त्याचे आईबाप पाहिले, आणि संक्रांतीनंतरच्या एका सकाळी वडवणीला आले. साक्षीला असावेत म्हणून मी मामांना आदल्या दिवशीच लिंबागणेशहून आणून ठेवलं होतं. बायकोने चहा विचारला तर साडू म्हणाले, “आक्का, निवाडा झाल्याबगर कुत्र्याच्या घरचं पानी बी घेत न्हाई मी.” सख्ख्या मेहुणीच्या घरी! मग परात पडली. फौजदाराने कानसुद्धा हलवला नाही. साडूंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “गुरुजी, पेपर फुटलाय.” मामा हसले. मी मेलो. पण साडूंनी लगेच गोठ्यावरचा सुटा पत्रा खसकन ओढून खाली पाडला. फौजदार दोन हात उडाला, आणि दुसऱ्याच क्षणी पुढे येऊन पत्रा हुंगू लागला. साडू मातीत बसले.

शेवटची परीक्षा चेंडूची. घरामागच्या ज्वारीत त्यांनी चेंडू भिरकावला, म्हणजे तसं नुसतं दाखवलं. चेंडू खिशातच होता. जे तिथे नाहीच ते कुत्रा किती वेळ शोधतो, हे त्यांना पाहायचं होतं. “हुशार कुत्रा मला नको, गुरुजी. हुशार कुत्रा हिशेब करतो अन् परत येतो. कामाचा कुत्रा शोधत ऱ्हातो.” फौजदार ज्वारीत घुसला. ताटं हलत होती, मधूनच शेपटीचं टोक दिसत होतं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पाऊण तास. जीभ लोंबत होती, नाकाला माती, अंगभर पाचोळा. तरी तो एकदाही थांबला नाही. आणि त्या पाऊण तासात एकदाही त्याने मी कुठे आहे ते वळून पाहिलं नाही. मी बांधावर तीन वेळा खोकलो. एकदा तर हळूच शीळही घातली, साडूंना ऐकू जाणार नाही अशी. नाहीच पाहिलं.

साडू उठले, मागची माती झटकली आणि म्हणाले, “असा नर धा वर्सांत पाह्यला न्हाई. घ्यायचा. आठ दिवसांत केंद्राची गाडी यील.” मामांनी काठी टेकत येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला. “थोरल्या जावयानं नाव काढलं,” ते म्हणाले. अठ्ठावीस वर्षं मी ज्या वाक्याची वाट पाहत होतो ते हेच. नर केंद्रातच राहतो, पाच-सहा वर्षं तरी परत येत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण हेव्याच्या भरात मी फक्त निवडीपर्यंतच स्वप्न पाहिलं होतं, गाडीपर्यंत नाही. फौजदार धापा टाकत येऊन माझ्या चपलांवर आडवा झाला. आणि माझ्या तोंडून निघालं, “एक सांगायचं राहिलं. ह्याच्या बापाला फेफरं यायचं.”

फेफरं रक्तातून येतं. त्या एका शब्दावर कुठलाही नर बाद होतो. दुसऱ्याच्या सोयरिकीत मोडता घालणारे भाऊबंद मी पुष्कळ पाहिलेत. स्वतःच्या घरच्या स्थळात मोडता घालणारा मी पहिलाच असेन. मामांचा हात पाठीवरून निघाला. साडू माझ्याकडे बघत राहिले, आणि तेव्हा कुठे मला आठवलं की हा माणूस त्या बापासमोर तासभर मातीत बसून आलेला आहे. आता सगळ्यांदेखत माझी शोभा होणार, म्हणून मी मान खाली घातली. ते म्हणाले, “मंग न्हाई जमायचं. पिढ्या नासत्यात. आक्का, चहा टाका.” एवढंच. तेवढा मोठेपणासुद्धा त्यांनीच मारून नेला, आणि चहाचा पहिला घोट घेताना मी त्यावरही जळत होतो.

निघताना त्यांनी मला जीपपाशी बोलावलं. “गुरुजी, फेफरं बापाला का आज्याला, ते एकदा पक्कं ठरवून ठिवा. मला बाप म्हनलात, आन् आत चहा घेताना मामाला आज्या सांगितला. उद्या कोनी इचारलं तर येकच सांगा.” ते जीपमध्ये बसले, पण चावी फिरवली नाही. “माझी राणी ठावं हाय का तुमाला? नसंल. सात वर्सं माझ्या हाताखाली व्हती. माझी बदली झाली तवा साहेबांनी इचारलं, कुत्री दुसऱ्या हस्तकाला देऊ का? ‘ती माझ्या बगर कोनाच्या हातचं खात न्हाई’ एवढं म्हनलो असतो तर बदली टळली असती. मी म्हनलं, द्या साहेब, कुत्री सरकारी हाय. खोटं बोलायचं सुचलंच न्हाई.”

“मग? खाल्लं का तिने?” मी विचारलं.

“चार दिवस न्हाई खाल्लं. मी लई खूष.” ते समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होते. “पाचव्या दिवशी खाल्लं बे तिनं.”

अठ्ठावीस वर्षांत त्यांनी मला ‘गुरुजी’शिवाय कधी हाक मारली नव्हती; हा ‘बे’ पहिलाच. जीप सुरू झाली. फौजदार फाटकाशी जाऊन उभा राहिला, कान टवकारून. त्याला त्या जीपमध्ये बसायचं होतं हे मला दिसत होतं आणि मी त्याचा पट्टा घट्ट धरला होता. ‘आजच्या दिवस राहा की’ हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. साडूला तसं म्हणायची रीतच आहे, पण मी ती कधी पाळलेली नव्हती, त्यामुळे म्हणायला थोडा वेळ लागला, आणि तोवर जीप बीडच्या रस्त्याला लागली होती.