गोठलेली जिन

राजपाल पुण्यातल्या एका हॉटेलात बारवर कामाला होता. हॉटेल बंद पडलं तसा तो नळदुर्गला परतला आणि हायवेच्या कडेला त्यानं ज्यूस सेंटर टाकलं. बायको मुलीच्या कॉलेजसाठी पुण्यातच राहिली. आमच्या गल्लीतल्या घरात तो आणि त्याची माय सुमनबाई, दोघंच.

हातातली कला मात्र सुटेना. शनिवारी संध्याकाळी तो माडीवर कॉकटेलचे ग्लास मांडायचा. व्हिस्की सॉवरमध्ये आपलं कागदी लिंबू, ओल्ड फॅशन्डमध्ये साखरेच्या जागी गुळाचा पाक, मार्टिनीवर मोसंबीची साल पिळून. एकच ग्लास, तोही रमतगमत. सोबतीला शाळेपासूनचा दोस्त कुमार. कुमारच्या घरी मेंढरं. तो घोट घेऊन डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "गूळ लई झाला गड्या, लिंबू वाढीव."

सुमनबाई खाली जिन्याजवळ बसून असायच्या. दर पौर्णिमेला विहारात पंचशील घेऊन दारू वर्ज्य मानणारी बाई, आणि तिच्याच घरात बाटल्या! नवरा आबाराव हातभट्टीपायी गेला होता. पोरगा खाली उतरला की त्या काहीतरी निमित्त काढून त्याच्या जवळून जायच्या, वास घ्यायच्या, त्याचं पाऊल सरळ पडतंय का बघायच्या.

"माय, म्या नुसती चव बघतो," राजपाल म्हणायचा.

एका शनिवारी त्यानं माडीवरच्या फ्रिजमधून जिन काढली आणि बाटली उजेडात धरली. आत बर्फाचे कण तरंगत होते. चांगली जिन घरच्या फ्रीजरात गोठत नसते. गोठली म्हणजे तिच्यात पाणी पडलेलं.

आधी संशय दुकानदारावर गेला. त्यानं नवी बाटली आणली, सील स्वतः फोडलं आणि बाटली फ्रीजरात ठेवली. दोन दिवस जिन स्वच्छ राहिली. पुढच्या शनिवारी बाटलीत पुन्हा बर्फ.

म्हणजे घरातलंच कुणीतरी. पण घरात येतं कोण? बाजाराला आला की कुमार दुपारचा माडीवर अंग टाकायचा. राजपालला आता सगळंच खटकायला लागलं. कुमारचं ते डोळे मिटणं, परवा लवकर उठून जाणं, फ्रिजकडं पाठ करून बसणं. ग्लास हातात देताना तो एकदम बोलून गेला, "कुमार, प्यायची असंल तर माग की. पाणी कशाला घालतो?"

कुमारला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यानं ग्लास तसाच खाली ठेवला, चप्पल घातली आणि तो गेला.

त्यानंतर माडीवर कुणी फिरकलं नाही. तरी पुढच्या बाटलीत बर्फ झालाच.

राजपाल बाटली घेऊन धडाधडा खाली आला. सुमनबाई ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"म्याच घालते पाणी," त्या म्हणाल्या. "निम्मी मोरीत ओतते, निम्मं पाणी भरते. तुझा बापबी आधी चवच बघायचा."

"मला सांगायचं तरी! म्या कुमारवर आळ घेतला."

सुमनबाईंचा चेहरा उतरला. कुमार का येईना, हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

राजपाल तसाच मेंढवाड्यावर गेला आणि सगळं सांगून माफी मागितली. कुमार कोकराला पाजत होता. त्यानं मान वर केली नाही.

"घरात मावशी व्हती, तुझ्या ज्यूसच्या दुकानावरचा गडी व्हता, शेजारपाजार व्हता," तो म्हणाला. "तुला पयला म्याच कसा दिसलो रं?"

राजपाल तसाच माघारी आला.

शेवटी सुमनबाई स्वतः गेल्या. काय बोलल्या ते कळलं नाही, पण कुमार त्यांना घरापर्यंत सोडायला आला आणि चहा घेऊन गेला. हळूहळू शनिवारची बैठक पुन्हा सुरू झाली, माडीवर नाही, खाली, सुमनबाईंच्या समोर. राजपाल किती ओततो ते त्या टक लावून बघतात.

कुमार मात्र आता थेट आत शिरत नाही. रस्त्यावरूनच हाक मारतो, "राजपाल हाय का घरी?" आणि आतून राजपालचा आवाज येईस्तोवर उंबऱ्याबाहेरच थांबतो.