कापसाविना वाजणारी तात

जैनबबीच्या घरात कापूस नव्हता, हे नागूबाईंना पक्कं ठाऊक होतं. तरी तिच्या कापूस पिंजायच्या धनुकलीची ताणलेली तात वाजत होती.

पिंजण चालू असलं की तात सलग घुमते. भिंतीला भिंत लागून असल्यानं तो आवाज नागूबाईंच्या कानात मुरलेला. हे तसं नव्हतं. एकच टणत्कार, मग चिडीचूप, मग परसात काहीतरी धावत आल्याची चाहूल. त्यात दिवस रझाकारांचे. अणदूरच्या वेशीवर गावची माणसं पाळीनं राखणीला बसत. अशात एकट्या बाईनं कुणासाठी खूण वाजवावी?

भिंतीच्या फटीतून पाहिलं तर जैनबबी ओणवी होऊन मुठीतलं काहीतरी कुणालातरी देत होती. कुणाला, ते दिसेना. नागूबाईंनी पदर खोचला आणि हिंमतराव पाटलांचं घर गाठलं.

पाटील आले, सोबत काठी घेऊन राखणीतला बलभीम. जैनबबी खोकतच बाहेर आली. नवऱ्यामागं तिनं धनुकली हाती घेतली, गावाच्या गाद्या भरल्या, आणि कापसाच्या धुरळ्यानं तिचा आवाज कायमचा बसला.

"कुणाला बोलवतीस?" पाटलांनी विचारलं.

"कापश्याला."

बलभीम हसला. "आता ह्यो कोन?"

"कुत्रं हाय माजं. तुमीच दवंडी पिटवली न्हवं, मोकाट कुत्र्याला इख घालनार म्हनून?"

दवंडी खरीच होती. राखणीला बसलेल्यांवर कुत्री भुंकत आणि माणसं कुठं दडलीत ते उघडं पडे. जैनबबीचं म्हणणं, कापश्याला बांधावं तर पूर्वी दोरानं मान सोललेली. दोर दिसला की अंगावर येतं. हाक मारावी तर गळ्यात जोर नाही. 'यू यू' तर कुणीही करतं, विष घालणाराही तेच करणार. म्हणून तातेच्या आवाजावर यायची सवय लावली. आधी घरातल्या घरात, मग परसात, मग समोर नागूबाईंच्या कोंबड्या असताना. आलं की सुक्या मटणाचा तुकडा. एकदा कोंबडीमागं लागलं म्हणून बोलावून रट्टा दिला, तर पुढं कितीतरी दिवस तात ऐकूनही लांबच बसून राहिलं.

"झ्याक रचलीय गोष्ट," बलभीम म्हणाला. नागूबाईंनाही तेच वाटलं. जैनबबी खुणेला एक वाजवील आणि चारचौघांत दुसरंच.

"म्या वाजवती," त्या म्हणाल्या.

कापश्या गल्लीच्या टोकाला चार कुत्र्यांत होतं. बलभीमनं आधी यू यू करून पाहिलं, ढिम्म. नागूबाईंनी तात छेडली. पांढरं कुत्रं घोळक्यातून सुटलं, धावत आलं आणि त्यांच्यासमोर वर बघत उभं राहिलं.

"आता द्या कायतरी, अक्का," जैनबबी पुटपुटली. "रित्या हातानं बोलावलं तर फसवलं म्हनंल. पुन्ना यायचं न्हाय. मग इखच त्याच्या नशिबी."

नागूबाईंनी पदराची गाठ सोडली. खंडोबाचं खोबरं, भंडाऱ्यानं पिवळं झालेलं. कुत्र्यानं हुंगलं, त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, पुन्हा हुंगलं.

"संशय घेतंय," बलभीम म्हणाला.

"शेजारचा गुन लागलाय," जैनबबी म्हणाली.

शेवटी खाल्लं. राखण बसायच्या आत कुत्रं घरात पाहिजे, एवढं बजावून पाटील निघाले.

दुसऱ्या दिवशी तात वाजली आणि नागूबाईंनी सवयीनं फटीला डोळा लावला. कापश्यानं जैनबबीच्या हातचा तुकडा घेतला आणि थेट फटीशी येऊन नाक लावलं. नागूबाई खोबरं घेऊन आल्या. तोवर पलीकडं जैनबबीनं कुत्र्याला मागं ओढलं होतं.

"काय हाय हातात, अक्का? आदी मला दावा."

नागूबाईंनी फटीशी मूठ उघडली. मग खोबऱ्याचा कोपरा मोडून तोंडात टाकला, फटीशी उभं राहून नीट चावून दाखवला, आणि उरलेलं पलीकडं सरकवलं.