खिळ्यासाठी एक फोटो

घोडपदेवच्या आमच्या खोलीत बाबांच्या हार घातलेल्या फोटोशेजारी एक मोकळा खिळा आहे. रंगकाम झालं तेव्हा आईने तो स्वतःसाठी ठोकून घेतला. खिळा तयार, फोटोचा मात्र पत्ता नाही. तोंडावरून वारं गेलं, डावा गाल ओघळला, तेव्हापासून ती कुणाला फोटो काढूच देत नव्हती. मोबाइलवर तर नाहीच, कारण तो फोटो सगळ्या नातेवाइकांत फिरतो.

मी घरी कॅमेऱ्याचा रोल धुते, फोटोची निगेटिव्ह एकच असते, हे कळल्यावर ती एका अटीवर फोटोला बसली. फोटो आवडला नाही तर ती स्वतः निगेटिव्ह कापणार.

मोरीत रोल धुतला, दोरीला चिमटा लावून वाळवला. धुणं मला येत होतं, स्कॅन करणं नवीन होतं. रविवारी दुपारी आई शिवणाची कात्री मांडीवर घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. मला तिचा रागच आला. असं कुणी राखण करत बसल्यावर कुणाला काही शिकता येतं का? फिल्मची पट्टी सारखी गुंडाळली जात होती, बोटांना घाम येत होता आणि स्कॅनर जीव खात सरकत होता.

शेवटी कॉम्प्युटरच्या पडद्यावर आई उमटली. तिने चष्मा लावून निरखून पाहिलं.

"हां. ही मीच," ती म्हणाली आणि कात्री खाली ठेवली.

माझा जीव भांड्यात पडला. मग लक्ष पदराकडे गेलं. पदर उजव्या खांद्यावर होता. मी पट्टी उलट बाजूने ठेवली होती आणि सगळं डाव्याचं उजवं झालं होतं. आरशात आई रोज अशीच दिसते, म्हणून तिला ती ओळखीची वाटली.

गप्प बसावंसं फार वाटलं. पण असा पदर भिंतीवर लागला असता तर चाळीतल्या बायकांनी मला जन्मभर ऐकवलं असतं. मी चूक सांगितली, पट्टी पालथी करून पुन्हा स्कॅन केलं. पदर जागेवर आला.

"एवढी वाकडी हाय मी?" आईने विचारलं. कात्री परत तिच्या हातात होती.

मी दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावले, आरशाचं समजावलं. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"तुम्हा सगळ्यांना मी यातली कुठली दिसते?"

खोटं अगदी ओठांवर आलं होतं. मी पदर बरोबर असलेल्या फोटोवर बोट ठेवलं.

"मग हाच लाव," ती म्हणाली. "मी गेल्यावर बघायचं तुम्हालाच हाय."

मला रडू आलं. आई कात्री जागेवर ठेवायला उठली.