साबेराची छत्री

माझी बायको साबेरा लग्नानंतर रत्नागिरीहून इथे ओमानात, बरक्याला आली ती काळी छत्री घेऊनच. पाऊस नसलेल्या गावात छत्री! दहा वर्षं ती गच्चीवरच्या तापलेल्या पत्र्याखाली पडून होती, पण साबेरा मला ती टाकू देईना.

२००३च्या ऑगस्टात माझ्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, मासळीची व्हॅन सुट्टीपुरती वापरायला दिली. ती धुतली, आत गादी, स्टोव्ह आणि दोन्ही पोरं भरली नि वाळवंटातून दक्षिणेला, पाऊस पडतो त्या सलालाला निघालो. तिथे डोंगर हिरवेगार, वर भुरभुर पाऊस. ओमानी कुटुंबं चटया टाकून भिजत जेवत होती.

साबेरा ऐटीत उतरली आणि तिने छत्री उघडली. पत्र्याच्या उष्णतेने जळलेल्या कापडाचे तुकडे खाली पडले. वर नुसत्या काड्या. पोरं खो खो हसली.

"मीट आता ती," मी ओरडलो.

"दहा वर्षांनी उघडलीय," साबेरा म्हणाली आणि काड्यांखाली तशीच उभी राहिली.