उभे केस

कामोठ्यात मी दहावीच्या मुलांची विज्ञानाची शिकवणी घेते. फुगा केसांवर घासून भिंतीला चिकटवते आणि सांगते, सारख्या भारांचं एकमेकांशी पटत नाही, जावाजावांसारखं. मुलं हसतात. उलव्याजवळच्या गावात राहणाऱ्या माझ्या थोरल्या जाऊसमोर मात्र मी हे कधी बोललेले नाही.

दोन वर्षांपूर्वी भातकापणीला तिच्याकडे गेले होते. आजूबाजूच्या जमिनींवर इमारती उठल्यात, आमचं खाडीकडचं एक उघडं शेत तेवढं उरलंय. भर दुपारी डोंगराकडून काळं भरून आलं. थेंब नाही, वारा पडलेला. इतक्यात जाऊच्या विळ्यातून बारीक गुणगुण ऐकू येऊ लागली. मला वाटलं माशी. वर पाहिलं तर तिचे सुटलेले केस एकेक करून डोक्यावर उभे राहत होते.

कापणीच्या चार बायकांनी विळे टाकून हात जोडले. "आई आली अंगात," एक म्हणाली. जाऊही डोळे मिटून ताठ उभी राहिली. काय येतंय ते मला एकटीला माहीत होतं. ढगातल्या भारानं जमिनीतला भार वर खेचला होता, तो तिच्या केसांत भरला होता आणि केस एकमेकांना ढकलत होते. आता वीज पडणार होती, आमच्यातल्याच कुणावर तरी.

"खाली बसा, वीज पडेल," मी ओरडले. कुणी ढिम्म हललं नाही. देवीपुढे मास्तरणीला कोण विचारतं? उलट दोघी लोटांगण घालायला वाकल्या, आणि जमिनीवर आडवं पडणं तर आणखी वाईट. मला भयंकर भीती वाटली, रागही आला. मग मीच घुमू लागले. घोगरा आवाज काढला, "लोटांगन नको. उकिडव्या बसा समद्या. पाय जुलवा. एकमेकींना शिवू नका."

बसल्या. जाऊसुद्धा बसली, मीही बसले. सगळं पांढरं झालं. कान उघडले तेव्हा बांधावरचा ताड उभा चिरलेला होता.

गावात आता मला मान आहे. मंगळवारी गेले तर कुणीतरी ओटी भरतं आणि मी गुपचूप भरून घेते. मागच्या दिवाळीत त्याची फार लाज वाटली, म्हणून जाऊला सांगून टाकलं की मी नाटक केलं होतं.

"ठाव हाय," ती करंज्या तळता तळता म्हणाली. "कनची देवी लोटांगन नको म्हनते?"

"मग तुम्ही बसलात का?"

तिनं झारा बाजूला ठेवला.

"आमच्या घरात आई एका वेली एकीच्याच अंगात येते. तू घुमायच्या आदीच मी डोले उघडले, तवा तुजे केस बगितले. तेबी हुबे व्हते. दोघींचे हुबे म्हंजे आई न्हाय, तू म्हनलीस ती वीजच. मंग मी भ्याले."

माझा हात आपोआप डोक्यावर गेला, केस दाबून बसवायला.